बॅरलमध्ये मुरलेली बेल्जियन डार्क एल: काय शोधायचं आणि कसं चाखायचं

बेल्जियमच्या कडक डार्क एलच्या, म्हणजे गडद रंगाच्या जास्त अल्कोहोलच्या बिअरच्या बाटलीवर ‘बॅरल एज्ड’ (लाकडी पिंपात मुरवलेली) असं छापलेलं दिसलं की पिणाऱ्याचं सगळं लक्ष लाकडाकडे जातं. व्हॅनिला आला का, बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) लागली का, एवढंच शोधलं जातं. पण या बिअरमध्ये लाकूड सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), साखर आणि यीस्ट यांनी आपापलं काम उरकलेलं असतं. ते ओळखता येत नसेल, तर लाकडाने काय घातलं आणि काय झाकून टाकलं, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून पहिला सल्ला हाच की शक्य असेल तर दोन बाटल्या घ्या. एकाच ब्रुअरीची साधी आणि तीच बॅरलमध्ये ठेवलेली. दोन्ही शेजारी शेजारी ओतून चाखा.

अशी जोडी मिळायला शिमे (Chimay) ही बिअर सोयीची आहे. बेल्जियमच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या सीमेजवळ स्कूरमों मठात १८६२ पासून ही बिअर बनते. निळ्या लेबलची ‘ग्रांद रिझर्व्ह’ ९ टक्के अल्कोहोलची आहे. ती मुळात ख्रिसमससाठी बनवली जायची. तीच ओकच्या बॅरलमध्ये पुन्हा आंबवून, मुरवून बाटलीत भरतात तेव्हा ती १०.५ टक्क्यांची होते. बॅरल कधी कोन्याकचं (फ्रेंच ब्रँडीचं), कधी रमचं, कधी व्हिस्कीचं असतं, आणि ते लेबलवर लिहिलेलं असतं. ब्रुज शहरातल्या दे हाल्वे मान या ब्रुअरीचीही अशीच जोडी आहे, ‘स्ट्राफे हेन्ड्रिक क्वाड्रुपल’ आणि बॅरलमधली ‘हेरिटेज’. (जुन्या शहरात टँकरची ये-जा नको म्हणून २०१६ मध्ये रस्त्याखालून तीन किलोमीटरहून लांब बिअरची पाइपलाइन टाकणारी ब्रुअरी ती हीच.)

बेल्जियममध्ये एवढ्या कडक बिअर का, याला एक कायदा बराचसा कारणीभूत आहे. १९१९ साली वान्डरवेल्ड कायद्याने तिथल्या कॅफेंमध्ये ब्रँडी-जिनसारखं मद्य विकायला बंदी आली. कॅफेत बसून काहीतरी कडक प्यायची सवय मात्र गेली नाही, आणि ती भागवायला ब्रुअऱ्यांनी बिअरच कडक केली. आज तीच बिअर ब्रँडीच्या पिंपात मुरायला ठेवतात, ही त्यातली गंमत. बेल्जियममध्ये लाकूड नवं नव्हतंच. रुसेलारेच्या रोडेनबाखमध्ये आंबट तांबडी बिअर प्रचंड मोठ्या ओकच्या पिंपांमध्ये मुरवायची पद्धत जुनी आहे. पण गोडसर, कडक डार्क एल व्हिस्कीच्या किंवा कोन्याकच्या वापरलेल्या बॅरलमध्ये भरायची चाल अलीकडची, आणि तिच्यामागे अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झालेली बर्बन-बॅरल स्टाउटची (भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरची) लाट आहे.

बॅरलमध्ये जाण्याआधी

रंगापासूनच गैरसमज सुरू होतो. ग्लासात ही बिअर गडद तपकिरी दिसते आणि लोक तिला स्टाउट समजतात. उजेडासमोर धरली तर कडा तांबूस-लाल निघतात. स्टाउटचा काळेपणा करपेपर्यंत भाजलेल्या धान्याचा असतो, म्हणून तिच्यात कॉफी आणि जळकेपणा येतो. बेल्जियन डार्कचा रंग मुख्यतः शिजवून गडद केलेल्या साखरेच्या पाकाचा आणि कॅरॅमल माल्टचा असतो. ‘स्पेशल बी’ नावाचं बेल्जियन माल्ट यात वापरतात. एकूण धान्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास घातलं तरी मनुका आणि अंजिराचा वास ठळक उतरतो. दुप्पट घातलं तर घशाशी चिकटणारी, जडशीळ गोडी येते. मूळ बिअरमध्ये जळका वास जवळजवळ नसतो. बॅरलमधल्या ग्लासात तो आला, तर तो बहुधा बॅरलच्या आतल्या कोळशाचा.

साखरेचा पाक हा नवख्याला सगळ्यात उलटा वाटणारा भाग. आंबणाऱ्या एकूण साखरेपैकी १० ते २० टक्के वाटा या पाकाचा असतो, आणि तरीही बिअर गोड होत नाही, उलट सुटसुटीत होते. कारण माल्टमधल्या सगळ्या साखरा यीस्टला पचत नाहीत, काही मागे उरतात आणि बिअरला अंग देतात. ही साखर मात्र यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं. अल्कोहोल वाढतं, जडपणा वाढत नाही. वर्टचं, म्हणजे न आंबलेल्या बिअरचं घनत्व (पाण्याचं १ धरून) १.०७५ ते १.११० पासून सुरू होऊन १.०१० ते १.०२४ पर्यंत उतरतं. हॉप्स या कडू फुलांचा कडवटपणा बेताचा, साधारण २० ते ३५ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक), गोडी तोलण्यापुरता.

आता यीस्ट. बेल्जियन ब्रुअर यीस्टला मुद्दाम गरम होऊ देतात. १८ ते २० अंशांना सुरुवात करून दोन-तीन दिवसांत तापमान २४ ते २८ अंशांपर्यंत चढू दिलं, की यीस्ट अल्कोहोलबरोबर सुगंधी द्रव्यंही भरपूर बनवतं. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा, लवंगेचा ४-व्हायनिल ग्वायकॉलचा, सफरचंद आणि बडीशेपेच्या जवळ जाणारा इथाइल हेक्सानोएटचा. बिअरमध्ये लवंग, केळं किंवा मिरी घातलेली नसते; हे सगळं यीस्टचं. तापमान पहिल्याच दिवशी चढलं तर मात्र हेच यीस्ट उग्र, डोक्यात जाणारं अल्कोहोल आणि थिनरसारखा वास सोडतं, आणि तो नंतर कितीही मुरवलं तरी पुरता जात नाही. बॅरल हे वाईट बिअर दुरुस्त करायचं साधन नाही, पण तसा प्रयत्न झालेला अधूनमधून चवीत सापडतो.

लाकडात काय घडतं

बॅरलमध्ये एकाच वेळी चार गोष्टी चालू असतात, आणि चाखताना त्या वेगवेगळ्या ओळखायच्या असतात.

पहिली म्हणजे आधीचं मद्य. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेलं, साधारण २०० लिटरचं बॅरल बर्बनवाल्यांच्या कामाचं राहत नाही आणि जगभर विकलं जातं. त्याच्या फळ्यांमध्ये काही लिटर मद्य मुरलेलं असतं. ते बिअरमध्ये उतरतं, म्हणून बॅरलमधून निघालेली बिअर आत गेलेल्या बिअरपेक्षा बऱ्याचदा कडक असते. हा परिणाम पहिल्या काही आठवड्यांतच येतो. घाईने काढलेली बिअर ओळखायची खूण हीच. तिच्यात मद्याचा वास असतो, लाकडाचा नसतो.

दुसरं लाकूड स्वतः. ओकमधल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन मिळतं, हेमिसेल्युलोज हा दुसरा घटक तापल्यावर त्यापासून कॅरॅमल आणि भाजलेल्या बदामाकडे झुकणारे वास तयार होतात, आणि ‘व्हिस्की लॅक्टोन’ नावाचं द्रव्य खोबऱ्याचा वास देतं. अमेरिकन ओकमध्ये हे लॅक्टोन जास्त, म्हणून बर्बनच्या बॅरलमधली बिअर खोबऱ्याकडे जाते. फ्रेंच ओकमध्ये टॅनिन अधिक आणि मसाल्याचा भाग जास्त जाणवतो. टॅनिन म्हणजे सुपारी किंवा कच्च्या केळ्याने तोंड आवळतं तो तुरटपणा. लहान बॅरलमध्ये दर लिटरला लाकडाचा पृष्ठभाग जास्त मिळतो, त्यामुळे २० लिटरच्या पिंपात सहा आठवड्यांत जे घडतं त्याला २२५ लिटरच्या वाइन बॅरलमध्ये कितीतरी महिने लागतात. घरी बिअर बनवणारे इथेच फसतात. लहान बॅरल विकत घेतात, मोठ्या बॅरलचं वेळापत्रक पाळतात, आणि हाती फळी चावल्यासारखं पेय येतं.

तिसरी हवा. लाकडातून आणि बुचाच्या कडेने थोडा थोडा ऑक्सिजन आत जात राहतो, बिअर उडून जाते, वर पोकळी तयार होते. ऑक्सिजन बेतात राहिला तर शेरी वाइनसारखा, बदाम-खजुराकडे जाणारा जुनेपणा येतो. याच जुनेपणात सोटोलॉन नावाचं एक द्रव्य असतं. मेथीदाण्यांच्या वासाचं मुख्य कारण तेच आहे. पाश्चात्त्य चाखणारे ज्याला ‘करी’ किंवा ‘मेपल’ म्हणतात, तो वास आपल्या नाकाला भाजलेल्या मेथीचा म्हणून चटकन पटतो. याबाबतीत मराठी स्वयंपाकघरात वाढलेलं नाक बेल्जियन नाकापेक्षा एक पाऊल पुढेच आहे.

चौथे सूक्ष्मजीव. लाकडात बारीक छिद्रं असतात आणि ते पूर्ण निर्जंतुक करता येत नाही. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट तिथे राहतं आणि साध्या यीस्टने सोडलेल्या साखराही हळूहळू खातं. त्याच्यामुळे बिअर कोरडी होते, आणि चामडं, गवत, कधी घोड्याच्या तबेल्याचा वास येतो. लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू दह्याकडे झुकणारा आंबटपणा देतात. काही ब्रुअरींना हे हवं असतं. शिमेसारख्या बिअरमध्ये ते अपेक्षित नाही.

बॅरलमधला मुक्काम सहसा काही महिन्यांचा, कधी वर्षाहून जास्त. एकाच दिवशी भरलेल्या बॅरल्सची चव सारखी निघत नाही. एकात खोबरं चढलेलं असतं, दुसऱ्यात तुरटपणा, तिसरं व्हिनेगरकडे निघालेलं. ब्रुअर प्रत्येक बॅरल चाखतो, निवडलेल्या बिअर एकत्र करतो आणि गेलेलं बॅरल ओतून देतो. चवीचं अर्धं यश या मिश्रणात असतं, लेबलवर त्याचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. बॅरलमध्ये बिअरचा वायू निघून गेलेला असतो, म्हणून बाटलीत भरताना लिटरमागे साधारण ६ ते ९ ग्रॅम साखर आणि ताजं यीस्ट घालावं लागतं. जुन्या यीस्टवर विसंबलं तर ते १०-११ टक्के अल्कोहोलमध्ये दमलेलं असतं, साखर तशीच राहते, आणि बिअर गोड आणि मचूळ निघते.

बाटली उघडण्याआधी

बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ असतो, म्हणून ती किमान एक दिवस आधीपासून फ्रीजमध्ये उभी ठेवा. आडव्या ठेवलेल्या बाटलीचा गाळ अंगाला चिकटतो आणि ओतताना सगळा ढवळून निघतो.

तापमानावर सगळ्यात जास्त मार बसतो. साध्या लागरप्रमाणे (नेहमीच्या फिकट बिअरप्रमाणे) ४ अंशांवर ही बिअर ओतली तर अर्धे वास वर येतच नाहीत. उरतो तो वायूचा चटका आणि लाकडाचा तुरटपणा. सुरुवात १० अंशांच्या आसपास करावी, खरा रंग १२ ते १४ अंशांना भरतो. युरोपातली पुस्तकं बाटली तासभर आधी बाहेर काढायला सांगतात, पण ती १८-२० अंशांच्या खोलीसाठी लिहिलेली आहेत. मुंबई-पुण्याच्या २८-३० अंशांच्या खोलीत ३३० मिलीची बाटली पंधरा-वीस मिनिटांत १२ अंशांवर येते, ७५० मिलीच्या जाड बाटलीला अर्धा तास पुरतो. स्वयंपाकघरातला साधा प्रोब थर्मामीटर असेल तर पहिल्या ग्लासात बुडवून बघा.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा किंवा ब्रँडीचा, आत निमुळता होत गेलेला. वाइनचा ग्लासही चालतो. उंच, सरळ बिअर मग नको, त्यातून वास पसरून जातो. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवू नका. भांडी घासायच्या साबणाचा किंवा पुसायच्या फडक्याचा तेलकट अंश राहिला तर फेस मरतो, तेव्हा ग्लास गरम पाण्याने खळखळून विसळून उपडा घालून वाळवा. ओतल्यावर बुडबुडे काचेच्या आतल्या बाजूला ठिकठिकाणी चिकटून राहिले, तर ग्लास स्वच्छ नाही.

बूच असलेल्या बाटलीत दाब बराच असतो. तारेची जाळी सोडताना अंगठा बुचावरून हलवायचा नाही, आणि बूच न फिरवता बाटली फिरवायची. ग्लास तिरपा धरून काठाने ओता, शेवटी सरळ करा, दोन बोटं फेस येऊ द्या. ग्लासेस ओळीत मांडून एका दमात सगळे भरायचे. बाटली पुन्हा पुन्हा उभी केली की गाळ उठतो. शेवटचा सेंटिमीटरभर भाग बाटलीतच ठेवा. तो फेकायचा नाही. वेगळ्या छोट्या ग्लासात घेऊन शेवटी चाखा. त्यात पावासारखा वास असेल तर यीस्ट ठीक आहे.

दर ग्लासात १०० ते ११० मिली पुरे. आकडा किरकोळ वाटेल, पण हिशेब करा. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर ८ टक्क्यांच्या आत असते. ११ टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत ३६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं, म्हणजे ५ टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीपेक्षाही थोडं जास्त, आणि ६० मिलीच्या साध्या लार्ज पेगच्या जवळजवळ दीडपट. ९ आणि १०.५ टक्क्यांचे ११०-११० मिलीचे दोन ग्लास मिळून एका लार्ज पेगच्या थोडे खाली राहतात. एवढ्यात चाखणं होतं. त्यापुढे नाक आणि जीभ दोन्ही सुस्तावतात, आणि गाडीची चावी आधीच दुसऱ्याकडे गेलेली बरी.

वासाच्या वाट्या

नाकाला नाव आठवत नाही, ही सगळ्यांची अडचण. उपाय घरात आहे. बिअर फ्रीजमधून बाहेर काढायच्या आधी सात-आठ छोट्या स्टीलच्या वाट्या मांडा: कोमट पाण्यात भिजवलेले काळे मनुके, कुस्करलेला खजूर, चमचाभर काकवी, दोन ठेचलेल्या लवंगा, काळे डाग पडलेल्या केळ्याची एक चकती, तव्यावर तांबूस केलेल्या सुक्या खोबऱ्याचा तुकडा, भाजून भरडलेले मेथीदाणे, आणि अर्धी वाटी पाण्यात दोन थेंब व्हॅनिला इसेन्स. दहा मिनिटं झाकून ठेवा. बिअरचा एक वास घ्यायचा, मग वाट्यांवरून नाक फिरवायचं, मग पुन्हा बिअर. मोघम ‘गोड-गोड वास’ आपोआप फुटून काकवी वेगळी, मनुका वेगळा होतो. मनुका, काकवी, खजूर हे माल्ट आणि साखरेच्या बाजूचे. केळं आणि बरीचशी लवंग यीस्टची. खोबरं आणि व्हॅनिला लाकडाचे. मेथी आणि खजुराचा काही भाग काळाचा. लवंग दोन्हीकडे हजेरी लावते, कारण ओकमध्येही युजेनॉल असतं, जे खऱ्या लवंगेचं मुख्य सुगंधी द्रव्य आहे. ती यीस्टची की लाकडाची, हे साध्या बिअरचा ग्लास शेजारी असल्याशिवाय सांगता येत नाही.

चाखताना

साधी बिअर आधी, बॅरलमधली नंतर, आणि मग पुन्हा साधी. हा तिसरा टप्पा बहुतेक लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त तिथेच कळतं. बॅरलनंतर साध्या बिअरकडे परतलं की केळं आणि ताजी फळं एकदम वर येतात. याचं कारण असं की केळ्याचा वास देणारं द्रव्य काळाबरोबर विघटत जातं, आणि बॅरलमधल्या मुक्कामात ते बरंच कमी झालेलं असतं. म्हणजे बॅरलने फक्त भर घातली असं नसतं, काही काढूनही घेतलेलं असतं.

आधी बघा. फेसाचा रंग फिकट तपकिरी, बारीक बुडबुड्यांचा. बॅरलमधल्या बिअरचा फेस कमी टिकतो, तो दोष धरू नये.

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. अल्कोहोलची पहिली वाफ नाक बधिर करते. ग्लास छातीपाशी धरून पहिला वास, हनुवटीपाशी दुसरा, आणि मग काठावर दोन-तीन छोटे हुंगे. मध्ये स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घेतला की नाक ताळ्यावर येतं. परफ्यूम लावून बसणाऱ्याने स्वतःचंच नव्हे, सगळ्या टेबलाचं चाखणं घालवलेलं असतं.

पहिला घोट वाया गेला असं समजा, तो तोंड तयार करण्यापुरता. दुसरा घोट चमचाभर. तोंडात सगळीकडे फिरवा, तीन-चार सेकंद धरा, गिळा, आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग याच वाटेने, घशातून नाकात जाणाऱ्या वासाने कळतो. खात्री करायची असेल तर एक घोट नाक चिमटीत धरून घ्या. गोड, कडू, आंबट एवढंच लागेल. चिमटी सोडली की मनुका आणि व्हॅनिला एकदम उमटतात.

तुरटपणा चवीत शोधू नका, हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला शोधा. घोट गिळल्यावर जीभ दातांवरून फिरवली तर खरखरीत लागते का? थोडी लागली तर चांगलं, कारण गोडीला लगाम बसतो. तोंड आवळून राहिलं तर बिअर लाकडात जास्त दिवस राहिली. अल्कोहोल छातीत ऊब म्हणून उतरावं. घशात जाळ म्हणून लागलं तर बिअर कच्ची आहे किंवा फार गरम झाली आहे. शेवटी गिळल्यानंतरचा वेळ मोजा. चांगल्या बॅरलमधल्या बिअरची चव अर्धा मिनिट सहज टिकते, आणि टिकताना बदलते. आधी सुका मेवा, मग व्हॅनिला, मग तुरट लाकूड. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच बर्बन लागत राहिली तर ब्रुअरने बिअर बनवली की बिअरचा रंग असलेली पातळ बर्बन, हा प्रश्न रास्त आहे. अशा बाटल्या महाग विकल्या जातात, त्यांना चांगलं मात्र म्हणवत नाही.

हाच घोट १० अंशांना, १३ अंशांना आणि १६ अंशांना घ्या. आपल्या हवेत ग्लास पंधरा-वीस मिनिटांत एवढा तापतो. तापमान त्याच्या वर गेलं की बहुतेक बिअर सैल, सांडल्यासारखी लागते. गरम झाल्यावरही जी बांधलेली राहते ती बिअर पक्की. मधल्या वेळात साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव. शेव-चिवडा नको, मीठ आणि तिखट दोन्ही जिभेवर राज्य करतात.

काय बिघडतं

व्हिनेगरचा चरचरीत आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटोबॅक्टर जिवाणू. त्याला ऑक्सिजन लागतो, तेव्हा बॅरल वर पोकळ राहिलं होतं किंवा बूच सैल होतं. त्याच्या जोडीला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास आला तर तो इथाइल अ‍ॅसिटेटचा. अगदी सूक्ष्म असेल तर नाशपातीसारखा लागतो आणि खपून जातो, डोळे चुरचुरले तर बाटली बाजूला ठेवा. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवेने शिळी झालेल्या बिअरचा. शेरी आणि पुठ्ठा ही एकाच हवेची दोन तोंडं आहेत. डार्क बिअरमध्ये माल्टमुळे शेरीची बाजू जास्त दिसते, एवढंच. सोया सॉस किंवा मांसाच्या रश्शासारखा वास मेलेलं यीस्ट फुटल्याचा, जुन्या आणि उन्हात राहिलेल्या बाटल्यांमध्ये हमखास. लोण्यासारखा, जिभेवर बुळबुळीत थर म्हणजे डायअसिटिल, बहुधा पेडिओकॉकस या जिवाणूची करणी. बँड-एडचा वास ब्रेटानोमायसिसचा. आंबट बेल्जियन बिअरमध्ये त्याला मान आहे, इथे तो उपरा. झाकण काढताच बिअर उसळून बाहेर आली तर बाटलीत जंगली यीस्टने उरलेल्या साखरा खाल्ल्या, किंवा बाटली नुसतीच गरम होती. गरम असल्यास दुसरी बाटली थंड करून उघडा, मग निकाल द्या.

बॅरलच्या प्रकारांबद्दल फार खोलात जायची गरज नाही. कोन्याकचं बॅरल या बिअरला सगळ्यात जास्त मानवतं, कारण द्राक्षाची ब्रँडी आणि डार्क एल दोघींचा सुक्या मेव्याकडे ओढा. रमचं बॅरल काकवीवर काकवी घालतं, ज्यांना गोड आवडतं त्यांना रुचतं. बर्बन ठळक, ओळखायला सोपी, शिकायला चांगली. रेड वाइनच्या बॅरलमध्ये तुरटपणा आणि आंबट होण्याचा धोका दोन्ही वाढतात. धुरकट स्कॉचचं बॅरल मात्र बहुतेक वेळा यीस्टचं सगळं कष्टाचं काम पुसून टाकतं.

चाखून झाल्यावर खायला हरकत नाही. बेल्जियममध्ये अशा बिअरबरोबर बिअरमध्येच मंद शिजवलेलं बीफ, जुनं चीज किंवा निळ्या बुरशीचं चीज असतं. आपल्याकडे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं सुकं मटण बर्बन-बॅरलशी जमतं, कारण दोन्हीकडे भाजलेलं खोबरं आहे. तांबड्या रश्श्याबरोबर ती नको. एवढं अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं, आणि तिखट अल्कोहोलची.

बाहेरून बाटली आणत असाल तर भारतात प्रवाशाला एकूण दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर एक ३३० ची. चेक-इन बॅगेत मधोमध, कपड्यांत गुंडाळून. घरी आल्यावर बाटली कपाटात ठेवू नका. साधी ग्रांद रिझर्व्ह तळघराच्या थंडाव्यात पाचेक वर्षं सुधारत जाते. बॅरलमधल्या बिअरने तिच्या वाट्याचा ऑक्सिजन आधीच घेतलेला असतो, त्यामुळे तिला फार थांबवण्यात अर्थ नसतो. एप्रिल-मेचा एक उन्हाळा ३५ अंशांच्या खोलीत काढला तर खजुराचा पुठ्ठा होतो. फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, उभी, आणि दोन वर्षांच्या आत संपवलेली बरी. उघडलेली अर्धी बाटली उरली तर घट्ट बूच लावून परत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी वायू उतरलेला असतो, पण लाकूड आणि सुका मेवा अजून शाबूत असतात, आणि वायूचा चटका नसल्याने तुरटपणा किती आहे ते जास्त स्पष्ट कळतं.